खर्जाला पोट लागतं

मी बँडमध्ये बास गिटार वाजवतो असं सांगितलं, तेव्हा आईने विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" शेजारच्या काकांनी गिटार हातात घेऊन तारा मोजल्या आणि हळूच म्हणाले, "चारच? बाकीच्या दोन तुटल्या का रे?" या दोन्ही गोष्टींचं मला काही वाटत नाही. पहिल्या कोजागिरीला गच्चीवर दीड तास वाजवून मी खाली उतरलो, तेव्हा जिन्यात भेटलेली बाई म्हणाली, "अय्या, तुम्ही इथेच होतात? मला वाटलं बाहेरगावी गेलात." ते मात्र लागलं.

चूक तिची नव्हती. माझा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा खोका) 15 वॉटचा, तेलाच्या डब्याएवढा. घरी बेडरूममध्ये तो वाजला की कपाटाचं दार थरथरायचं, त्यामुळे माझा असा समज होता की आपल्याकडे तोफ आहे. गच्चीवर ड्रमरने पहिली काठी मारली आणि मी नाहीसा झालो. तो बिचारा मुद्दाम जोरात वाजवत नव्हता, ड्रम हळू वाजत नाहीत एवढंच. मी सगळी बटणं उजवीकडे पिळली. तर आवाज मोठा व्हायचा सोडून फाटला. पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडावा तसं काहीतरी तिथे चाललं होतं. उरलेला कार्यक्रम मी चेहऱ्यावर भाव आणून वाजवला. तो दिसत तरी होता.

सगळ्यात जास्त राग आला तो गिटारवाल्याचा. त्याचा अ‍ॅम्प फक्त 30 वॉटचा आणि तो पार्किंगपर्यंत ऐकू जात होता. "दादा, तुम्ही 300 वॉट तरी घ्या," तो म्हणाला. मला वाटलं, पोरगा टिंगल करतोय. मग वाचलं, तेव्हा कळलं की निसर्गच त्याच्या बाजूने आहे. माणसाचा कान तयार झालाय तो बाळाचं रडणं आणि भांड्याची खणखण टिपायला. बासची सगळ्यात खालची ई तार हलते सेकंदाला 41 वेळा, आणि तिथे कान जवळजवळ झोपलेला असतो. त्याला उठवायचं तर भरपूर हवा ढकलावी लागते. शेजारचे काका पूर्वी भजनाला तबला वाजवायचे. त्यांनी हेच एका वाक्यात सांगितलं, "डग्गा तबल्यापेक्षा केवढा असतो, बघितलंयस ना? खर्जाला पोट लागतं."

आता पोट किती, हा प्रश्न. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होईल, हा माझा हिशेब. तो चुकीचा निघाला. वॉट दुप्पट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात, म्हणजे "जरा वाढवलास का?" असं कुणीतरी विचारेल इतपत. कानाला दुप्पट वाटायचं तर वॉट साधारण दहापट लागतात. हे मी जेवताना मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं.

"म्हणजे पैसेही दहापट?"

"तसं नसतं ते."

"आपला मिक्सर 750 वॉटचा आहे. चटणी वाटताना सगळ्या विंगला कळतं. तोच घेऊन जा."

"अगं, ते वीज खाण्याचे वॉट. हे आवाजाचे."

"आणि इस्त्री 1000 वॉटची," ती वरण वाढत म्हणाली, "हूं का चूं करत नाही. अशी माणसं असावीत."

कॅम्पातल्या दुकानात गेलो. तिथे छोट्या काचेच्या खोलीत सगळेच अ‍ॅम्प गडगडतात. साड्यांच्या दुकानातल्या दिव्याखाली प्रत्येक रंग खुलतो, तसंच. विक्रेता पोरगा तारांवर अंगठ्याने थापट्या मारत असं काही वाजवून गेला, की त्यानंतर गिटार हातात घ्यायची माझी हिंमत होईना. मी आपला खोक्यांवरचे आकडे वाचत उभा राहिलो. आकड्यांना फसू नये, एवढी अक्कल मला होती. आमच्या लहानपणी वीतभर टेपरेकॉर्डरवर हजारो वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभर निघेल असा फुगवलेला आकडा, लिहिलेलं असायचं आणि त्यातून आरती नीट ऐकू यायची नाही. म्हणून सतत मिळणारे खरे वॉट मी जाणकार आवाजात विचारले, "आरएमएस किती?"

"500, सर."

विजेता मीच. तरी एकदा 1969 सालच्या अँपेग एसव्हीटी या बासच्या अ‍ॅम्पचा विषय काढून पाहिला. 300 वॉट, जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह, आणि खाली आठ स्पीकरचं कपाट. त्याला बासवाले फ्रिजच म्हणतात. रोलिंग स्टोन्सनी तो त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर नेला होता. पोरगा म्हणाला, "सर, त्यांच्याकडे उचलायला माणसं होती." हल्लीचं 500 वॉटचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प, दोन-तीन किलोत बसतं, जेवणाच्या डब्यासारखं दांडीला धरून नेता येतं. मी तेच घेतलं, आणि त्याखाली दोन स्पीकरचा एक कॅबिनेट.

घरी येऊन माहितीपत्रक उघडलं. 500 वॉट, पण 4 ओमला. ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, तो वाढला की वॉट घटतात. माझा कॅबिनेट 8 ओमचा. त्यावर मिळणार तीनशेच्या आसपास. माझे दोनशे वॉट दुकानातच राहिले होते. मी फोनवर पोराशी ओम-ओम करत भांडत होतो, तर आतून आई म्हणाली, "चांगलं आहे. रोज सकाळी करत जा."

उपाय म्हणजे तसलाच आणखी एक कॅबिनेट. दोन्ही समांतर जोडले की 4 ओम होतात आणि सगळे वॉट बाहेर पडतात.

"8 आणि 8 मिळून 4?" बायकोने विचारलं.

"हो."

"तरीच महिनाअखेरीला आपल्याकडे काही उरत नाही."

दुसरा कॅबिनेट आला तो बोनसमधून. किंमत घरी सांगितली ती आणि बिलावरची, यांत थोडा फरक आहे. आणि हेड दोन-तीन किलोचं असलं तरी कॅबिनेट वीस-वीस किलोचे असतात, हे दुकानात कुणी बोललं नव्हतं. कोजागिरीच्या दिवशी लिफ्ट बंद. ती दर कोजागिरीला बंद असते, दुधाची पातेली चढवून दमते बहुतेक. चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला मधल्या वळणावर मी कॅबिनेटला मिठी मारून पाच मिनिटं उभा होतो. वरून उतरणाऱ्या एका आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि काही न विचारता पुढे गेल्या.

वाजवायला लागलो. पहिल्या गाण्यात आवाज मुद्दाम निम्म्यावर ठेवला. दुसऱ्यात जरा वाढवला. कुणीतरी मसाला दुधाचा ग्लास कॅबिनेटवर ठेवून गेलं होतं. मी खालची ई छेडली आणि दुधावरच्या सायीला सुरकुती पडली. परत छेडली, परत पडली. केशराची काडी हळूहळू कडेला जाऊन चिकटली. तिसऱ्या सुराला ग्लासच बोटभर सरकला. ड्रमरने चमकून मागे पाहिलं. माझ्याकडे तो पहिल्यांदाच पाहत होता.

तेवढ्यात सेक्रेटरी उठून कठड्यापाशी गेले, खाली वाकले आणि वॉचमनला हाक मारून म्हणाले, "बोअरची मोटर कुणी चालू ठेवलीय? बंद कर आधी!"

वॉचमन पंपाच्या खोलीत जाऊन आला. खालूनच ओरडला, "मोटर बंदच आहे साहेब! हे चौथ्या मजल्यावरचे साहेब आहेत!"

गच्चीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गाणं खरं तर संपत आलं होतं. मी त्या खालच्या ईवर आणखी चार मात्रा थांबलो.