चिऱ्याचं गोदाम सिमेंटने वाचत नाही

कोकणच्या बंदरगावांत एक मजकूर फिरतोय: ‘जुनी चिऱ्याची (जांभ्या दगडाची) गोदामं, गिरण्या, कौलांचे कारखाने आतून कुजलेत. चिरा पाणी पितो, चुन्यात दम नाही. सिमेंटचा गिलावा करून पत्रा घाला, नाहीतर पाडा.’

चिरा पाणी पितो, खरंय. पण उघडा असला तर ते बाहेरही टाकतो. पावसाळ्यात भिजलेली भिंत दिवाळीनंतर दरजांमधून, म्हणजे चिऱ्यांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून, सुकते. वर सिमेंट थापलं की ती वाट बंद. जमिनीतून चढलेली खारी ओल गिलाव्यामागे अडकते, तिथेच मीठ फुलतं आणि पोपडा सुटताना चिऱ्याचा भुगा घेऊन येतो. मग बोल चिऱ्याला!

चुन्याचा मऊपणा हाच त्याचा उपयोग आहे. भिंत जराशी हलली तर दरज तडकते, चिरा शाबूत राहतो. सैल दरज 25 मिलिमीटर खोल खरवडा, धूळ झाडा, भिंत भिजवा आणि 1 भाग मुरवलेला चुना, 3 भाग धुतलेली नदीची वाळू असा माल दाबून भरा. खाडीची रेती नको, मीठ आपणच भिंतीत घालू. ओलं गोणपाट आठवडाभर तरी हवं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच उरका. मे अखेरच्या दरजा पहिल्याच झडीत धुपतात.

मंगळुरी कौलं गळतात? फुटकी आणि सरकलेली गळतात. रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, साधारण 32 सेंटिमीटरवर आणि सरळ रेषेत आहेत का, ते आधी बघा. पत्रा हलका, त्यामुळे वारा त्याला खालून उचलतो. 2020च्या निसर्ग वादळात कौलंही उडाली, पण कौल एकेक बदलता येतं.

लाकडाचं दुखणं बहुधा कैचीच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्याच्या, टोकाला असतं, जिथे ती भिंतीत घुसते. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. भुसभुशीत असेल तर तेवढंच टोक कापून सागवानाचा जोड द्या, स्टेनलेस बोल्टने आवळा आणि भोवती बोटभर हवा खेळू द्या. अख्खी कैची काढायला सांगणारा बहुतेक वेळा टोचून बघतच नाही.

ओळंब्यातून सुटलेल्या, म्हणजे कललेल्या, किंवा पोट काढलेल्या भिंतीला मात्र आधी टेकू, मग स्ट्रक्चरल इंजिनिअर. तिथे धोक्याची भीती खोटी नाही. नुसता तडा असेल तर त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहा. पावसाळाभर पट्टी टिकली तर तडा बुजवा. फुटली तर भिंत अजून हलतेय, आधी भिंतीलगतचं गटार उघडून बघा.