गोव्यातला फ्लॅट विकून बर्फात रिटायर व्हायचं? आधी ऑगस्टमध्ये जाऊन या

एक लांबलचक फॉरवर्ड सध्या पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. मजकूर थोडक्यात असा की गोवा आता राहण्यासारखा राहिला नाही, ट्रॅफिक, घाम, पाण्याची बोंब, आणि दिल्लीवाल्यांनी भाव आभाळाला नेलेत, तर तोच चढा भाव खिशात घाला, फ्लॅट फुंकून टाका आणि मनाली, औली, गुलमर्ग अशा स्की टाउनमध्ये घर घेऊन निवांत रिटायर व्हा. जागा स्वस्त, हवा शुद्ध, सीझनला भाडं, बाकी वर्षभर शांतता, मुलं-नातवंडं बर्फ बघायला धावत येतील, आणि घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर मग काय, थेट युरोपात बल्गेरियातलं बान्स्को.

ट्रॅफिक आणि भावाबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते खरंच आहे. पुढचं मात्र ज्याने लिहिलंय तो डिसेंबरात चार दिवसांच्या पॅकेजवर जाऊन आलेला माणूस वाटतो.

"जागा स्वस्त, कुणीही घेऊ शकतो"

इथेच पहिली गोम आहे. मनाली ज्या हिमाचलात आहे तिथे १९७२ चा कूळ आणि जमीन सुधारणा कायदा आहे, त्यातली धारा ११८ तिथल्या टॅक्सीवाल्यालासुद्धा पाठ असते. जो हिमाचलचा शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीशिवाय तिथे जमीन घेता येत नाही, आणि यात बाहेरचेच नाही तर शेती नसलेले खुद्द हिमाचलीसुद्धा येतात. परवानगी मिळते, नाही असं नाही, पण तो कागदांचा खेळ आहे आणि साठीनंतर तो कुणी खेळायचा? मग एजंट हळूच म्हणतो, लोकल माणसाच्या नावावर घेऊ, तुम्हाला पॉवर ऑफ ॲटर्नी देतो. हे अजिबात करू नका. कायदा चुकवून केलेला असा व्यवहार पकडला गेला तर जमीन सरकारजमा होऊ शकते, तुमची पेन्शनची पुंजी त्यासोबत.

औली ज्या उत्तराखंडात आहे तिथे बाहेरच्या माणसाला नगरपालिका हद्दीबाहेर राहण्यासाठी २५० चौरस मीटर, बस, आणि २०२५ मध्ये तो कायदा अजून आवळला, हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून बाकी ११ जिल्ह्यांत शेतजमीन बाहेरच्यांना बंदच. गुलमर्गची गंमत वेगळीच. २०२० पासून जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्यांना बिगरशेती जमीन घेता येते हे खरं, पण गुलमर्ग हे गाव असं नाहीच, तिथली हॉटेलंसुद्धा सरकारी जमिनीवर लीजने उभी आहेत आणि संध्याकाळ झाली की काम करणारी माणसं खाली टंगमर्गला आणि आसपासच्या खेड्यांत उतरतात. तिथे बंगला शोधणं म्हणजे मिरामारच्या वाळूत प्लॉट शोधण्यासारखं.

आणि जाता जाता, आपणच २०२३ मध्ये भातशेती शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी करणारा कायदा केला तेव्हा किती खूश झालो होतो, भायले, म्हणजे बाहेरचे, येऊन सगळं घेतात म्हणून. आता आपण त्यांच्या डोंगरावर भायले व्हायला निघालोय आणि त्यांचा कायदा मात्र आपल्याला अडचण वाटतो. असो.

"थंड शुद्ध हवा, बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतात"

हे वाचून माझंच बीपी वाढलं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वर जातं, हे कुठलाही फॅमिली डॉक्टर सांगेल. त्यात उंची. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, औली २,५०० ते ३,००० मीटरवर, मनाली २,०५० च्या आसपास. गुलमर्गच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम पाऊण उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला तेवढा ऑक्सिजन कमी. धडधाकट माणूस काही दिवसांत रुळतो, पण ज्याला आधीच हार्टचा किंवा दम्याचा त्रास आहे त्याने हे गणित फॉरवर्डवर नाही, डॉक्टरच्या समोर बसून मांडावं.

शुद्ध हवा म्हणाल तर उन्हाळ्यात अगदी खरी. हिवाळ्यात दारं-खिडक्या घट्ट बंद आणि खोलीत लाकडाची शेगडी, काश्मीरात तिला बुखारी म्हणतात, हिमाचलात तंदूर. धुराडं नीट नसेल तर धूर कुठे जाणार, तुमच्याच छातीत.

माझा एक आतेभाऊ मनालीत हॉटेलच्या किचनमध्ये होता, जानेवारीतली सकाळ तो सांगतो ती ऐकण्यासारखी आहे. नळ सोडला की नुसती फुस्स हवा, कारण पाइपात पाणी गोठलेलं, म्हणून रात्री झोपताना एक नळ बारीक धारेने चालूच ठेवायचा. सिलिंडर अर्धा भरलेला, हलवून बघितला तर आत डुचमळतंय, पण शेगडीवर ज्योत काजव्याएवढी, कारण आतला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच सोडून देतो. खोबरेल तेल आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे घट्ट होतं तर आपण "काय थंडी पडलीय बाबा" म्हणतो, त्याची बाटली नोव्हेंबरला जी दगड झाली ती मार्चपर्यंत दगडच. तो तेव्हा पंचविशीतला होता म्हणून हे सगळं हसत सांगतो. सत्तरीत पहाटे पाच वाजता बाथरूममध्ये नळाशी झटापट करायला कोण उठणार?

आणि रस्त्यावरचा तो काचेसारखा बर्फ, दिसतच नाही, पाय घसरला की खुबा. इथे काणकोणच्या टोकाला पडलात तरी दीड-दोन तासात बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पोहोचता. औलीखालच्या जोशीमठहून ऋषिकेशचं एम्स हॉस्पिटल साधारण २५० किलोमीटर, तेही घाटाचा रस्ता, दरड नसेल तर. मनालीत मिशनचं जुनं हॉस्पिटल आहे, कुल्लूला सरकारी मोठं आहे, पण स्टेंट, बायपास असलं काही निघालं तर आणखी खाली उतरा. गुलमर्गचा पेशंट श्रीनगरला, आणि बर्फ पडत असेल तर आधी रस्ता साफ व्हायची वाट बघा. घर बघताना लोक खिडकीतून डोंगर दिसतो का ते बघतात, मी तर फेब्रुवारीत ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येते का ते बघेन.

"सीझनला भाड्याने द्या, घर स्वतःच स्वतःचा खर्च काढतं"

कुठल्या सीझनला? मनालीचा खरा मोठा सीझन मे-जून, सपाटीवर भाजायला लागलं की सगळा उत्तर भारत वर चढतो. नंतर ख्रिसमस-न्यू इयर. म्हणजे चांगले महिने पाहुण्यांना द्यायचे आणि पाइप गोठलेले महिने स्वतःसाठी ठेवायचे, वा रे रिटायरमेंट!

स्कीइंगच्या भरवशावर बसायचं तर बर्फ पडायला हवा. जानेवारी २०२४ मध्ये ऐन मोसमात गुलमर्गची कुरणं तपकिरी पडली होती, फोटो सगळीकडे आले होते, लोक बुकिंग रद्द करत होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्स फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुलमर्गला ठरलेले, बर्फ नाही म्हणून पुढे ढकलले आणि ९ ते १२ मार्चला झाले. सिमल्याजवळचं कुफ्री एकेकाळी स्कीइंगसाठी प्रसिद्ध होतं, आज तिथे माणसं घोड्यावर आणि याकवर बसून फोटो काढतात.

औलीचं तर विचारूच नका. औलीचा जीव खालच्या जोशीमठात, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथे जमीन खचून शेकडो घरांच्या भिंतींना तडे गेले, जोशीमठ ते औली तो सुमारे चार किलोमीटरचा रोपवे तेव्हाच बंद पडला. हा डोंगर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर बसलाय, जपून बांधा, असं मिश्रा समितीने १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं. फॉरवर्डमध्ये औलीचं नाव सगळ्यात वर, आणि यातला एक शब्द नाही. ज्याने लिहिलं त्याला माहीत नव्हतं की मुद्दाम गाळलं, देव जाणे.

"सीझन संपला की शांतताच शांतता"

याचं उत्तर द्यायला गोवेकराइतका लायक माणूस नाही. कांदोळीला डिसेंबरात फ्लॅट घेतलेला माणूस जूनमध्ये भेटलाय का कधी? ३१ मेच्या आत शॅक उतरतात, निम्म्या दुकानांचं शटर खाली, भिंतीला बुरशी, लाइट गेली तर दोन दिवस, प्लंबर गावी गेलेला. शांतता असते, पण ती आपल्याला चालते कारण आपलं गाव मागे असतं, शेजारी असतात, पोदेर पाव घेऊन येतो. नुसत्या सीझनवर उभ्या असलेल्या पट्ट्यात तेवढंही नसतं. स्की टाउन हा असलाच पट्टा, फक्त वाळूच्या जागी बर्फ.

आता एक गोष्ट बघा. आपल्या शॅकमध्ये, कळंगुट-हणजूणच्या दुकानांत ऑक्टोबर ते मे कोण असतं? हिमाचल, उत्तराखंड, नेपाळची पोरं, काश्मिरी शालवाले, तिबेटी दागिनेवाले. ही माणसं तिकडचीच, थंडी त्यांच्या अंगवळणी पडलेली, तरीही हिवाळा आला की पोटासाठी खाली गोव्यात येतात आणि पाऊस लागला की वर जातात. काश्मीरचं सरकारसुद्धा १८७२ पासून थंडीत श्रीनगर सोडून जम्मूला जायचं, त्याला दरबार मूव्ह म्हणत, मध्ये २०२१ ला बंद झालं आणि आता परत सुरू झालंय. बद्रीनाथाची दारं हिवाळाभर बंद, पूजा खाली पांडुकेश्वर-जोशीमठला. म्हणजे मजूर उतरतो, सरकार उतरतं, देव उतरतो, आणि आमचा म्हापशाचा पेन्शनर तेव्हाच स्वेटर घालून वर निघालाय.

"मुलं-नातवंडं येत राहतील"

कधी येतील? आपल्याकडे सगळे घरी येतात ते चवथीला. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २६ ऑगस्टला मनालीत बियासला पूर आला, नदीकाठची दुकानं, हॉटेलं वाहून गेली, कुल्लू-मनाली हायवे ठिकठिकाणी तुटला. जुलै २०२३ मध्येही हाच हायवे असाच गेला होता. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिथे दरडीचे महिने, आणि तुम्ही मखर सजवून बसलात तरी पोरगा चंदीगडला अडकलेला. जवळचा विमानतळ भुंतर, मनालीपासून ५० किलोमीटर, लहान धावपट्टी, छोटी विमानं, ढग आले की रद्द. इथे गोव्यात दाबोळी विमानतळ नको तर मोपा. उलट तुम्ही चवथीला खाली यायचं ठरवलंत तर तोच रस्ता, तीच दरड.

खाण्याचं एका ओळीत आटपतो: नद्यांत ट्राउट आहे आणि चांगला आहे, पण त्याचं हुमण, आपलं नारळातलं माशाचं कालवण, कुणी करून खाल्लं तर मला सांगा.

"पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर बान्स्को"

हा मुद्दा बाकीच्यांपेक्षा जरा बरा आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, आणि ते मिळालं की युरोपीय संघात कुठेही राहता येतं, बान्स्कोतही. पिरिन पर्वताच्या पायथ्याशी, उंची हजार मीटरच्या आत, म्हणजे गुलमर्गपेक्षा तब्येतीला कितीतरी सोपं, आणि आल्प्सच्या मानाने फ्लॅट खरंच स्वस्त. स्वस्त का ते फॉरवर्ड सांगत नाही. २००८ च्या मंदीआधी तिथे धडाधड बिल्डिंगी उठल्या, घेणारे कमी पडले. आणि कॉम्प्लेक्समधल्या फ्लॅटला दरवर्षी मेंटेनन्स, तुम्ही राहा नाहीतर कुलूप लावा, तो भरायचाच. गावातून वर जाणारी गोंडोला, म्हणजे केबल कार, एकच, सीझनला तिची रांग बघून आपल्याला जुन्या बेती फेरीची आठवण येईल.

पण खरा खर्च वेगळा आहे. दुसरं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याने भारताचं संपतं, मत गेलं, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, काढा, आणि ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय नोकरी न करता तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर पुरेसं उत्पन्न आणि पूर्ण आरोग्य विमा दाखवावा लागतो. सत्तरीत, डायबिटीस असताना तो विमा कितीला पडतो हे फ्लॅट बघायच्या आधी विचारा. ज्याच्याकडे तो पासपोर्ट नाही त्याने स्वस्तातला फ्लॅट घेतला म्हणून काही राहायचा परवाना मिळत नाही, बल्गेरियात जमीनही त्याच्या नावावर होत नाही, फक्त फ्लॅट.

एवढं सगळं वाचूनही कुणाला जायचंच असेल तर जा, अडवणारा मी कोण. पण उताराच्या पायथ्याशी घर नको, मनालीऐवजी खाली कुल्लू बघा, उंची साधारण १,२०० मीटर, हॉस्पिटल गावातच, भुंतर जवळ, बर्फ बघावासा वाटला तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. विकत तर मुळीच घेऊ नका, आधी भाड्याने राहा, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा ऑगस्टमध्ये. ऑगस्टचं भाडं घरमालक स्वतःहून कमी सांगेल. का ते त्यालाच विचारा.