सहा मिनिटांचा वकील

अभिनंदन! मोठ्या, फुल-सर्व्हिस लॉ फर्ममध्ये निवड झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं. आता करार कायदा, पुरावा, घटना असं जे काही घोकलं असेल ते नीट बांधून माळ्यावर टाका. इथे एकच विषय परीक्षेला असतो, आणि तो म्हणजे घड्याळ.

तुमच्या आजवरच्या समजुतीप्रमाणे तास साठ मिनिटांचा असतो. फर्ममध्ये तो दहा तुकड्यांचा असतो. एक तुकडा सहा मिनिटांचा, टाइमशीटवर, म्हणजे ज्यावरून क्लायंटला बिल जातं त्या वेळेच्या वहीत, ०.१. ‘मेल मिळाली, धन्यवाद’ एवढं टाइप करायला वीस सेकंद लागले तरी नोंद ०.१ ची. अशा तीन मेली तीन क्लायंटना एका मिनिटात गेल्या, की एका मिनिटात अठरा मिनिटांचं काम झालं. काळ ताणता येतो हे पदार्थविज्ञानाने कागदावर मांडलं. बिलात बसवून दाखवलं ते आपण.

या पद्धतीचं पितृत्व बहुतेक जण रेजिनाल्ड हीबर स्मिथ या बॉस्टनच्या वकिलाला देतात. हे गृहस्थ आधी गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते. न्याय गरिबाच्या खिशाला परवडत नाही, हे त्यांनी १९१९ साली सविस्तर लिहून काढलं आणि मग एका मोठ्या फर्ममध्ये जाऊन वकिलांना रोजच्या वेळेचा हिशेब लिहायला लावला. हेतू चांगला होता: कामाला खर्च किती येतो ते फर्मला कळावं. पुढे तो हिशेब कपाटातून निघून थेट क्लायंटच्या टेबलावर कसा पोचला, ही गोष्ट वेगळी. १९५८ साली अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने वकिलांना समजावलं, की वर्षाकाठी साधारण १,३०० तासांचं बिल होऊ शकतं. आज मोठ्या अमेरिकन फर्म तरुण वकिलाकडून १,८०० ते २,००० तास मागतात. २,००० तास म्हणजे सहा मिनिटांचे २०,००० तुकडे. चहा, जिना, लिफ्ट आणि आईचा फोन यांतलं काहीही त्यात धरायचं नाही.

म्हणून तुमचं खरं शिक्षण टाइमशीटच्या ‘नॅरेटिव्ह’ नावाच्या रकान्यात होणार आहे. महिनाअखेर, रात्रीचे अकरा, आणि समोर गेल्या मंगळवारचा कोरा रकाना. मंगळवारी तुम्ही काय केलं होतं? आठवत नाही. घाबरू नका, पाठवलेल्या मेली उघडा आणि लिहायला लागा. ‘मेल वाचली’ असं कधीही लिहू नये. ‘प्राप्त पत्रव्यवहाराचा आढावा व त्यातील मुद्द्यांचे विश्लेषण’ असं लिहावं. फाईल सापडत नव्हती? ‘संबंधित कागदपत्रांचा शोध व पडताळणी.’ शेजारच्याला विचारलं, की तुला यातलं काही कळतंय का, आणि तो नाही म्हणाला? ‘अंतर्गत विचारविनिमय.’ हा दोघांच्याही टाइमशीटवर चढतो, म्हणजे एका अज्ञानाचं दोनदा बिल. मात्र ‘विचार केला’ एवढं मात्र लिहू नका. क्लायंट तेवढीच ओळ कापतो. वकील विचार करून आलेला असतो, अशी त्या बिचाऱ्याची समजूत असते.

आता सेवांबद्दल थोडं. फुल-सर्व्हिस म्हणजे कंपनीच्या बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं एका छताखाली. कॉर्पोरेट टीम दोन कंपन्यांचं लग्न लावते, कॉम्पिटिशन टीम त्याला नियामकाची परवानगी आणते, टॅक्स टीम आहेर कुठे दाखवायचा ते सांगते, लेबर टीम ज्यांना आता घरात जागा नाही त्यांची पत्रं तयार करते. संसार मोडला, की डिस्प्युट्स टीम, आणि काहीच उरलं नाही, की दिवाळखोरी बघणारी इन्सॉल्व्हन्सी टीम. सगळे एकाच लिफ्टने वर जातात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण सगळ्यात मनावर घेतली असेल तर ती कॉर्पोरेट पार्टनरांनी. त्यांच्यातल्या अनेकांनी कोर्टाची इमारत फक्त गाडीतून पाहिलेली असते.

तुमचा मुक्काम बहुधा कॉर्पोरेटमध्येच पडेल, म्हणून एका कलमाची ओळख आत्ताच करून घ्या. रात्रीचा एक. तिसावा ड्राफ्ट. ट्रॅक चेंजेसमुळे पान लाल-निळं झालेलं. आपल्या बाजूने लिहिलंय, की विकणारा परवानगी मिळवण्यासाठी ‘बेस्ट एंडेव्हर्स’, म्हणजे होता होईल तेवढे प्रयत्न, करेल. पलीकडच्या फर्मने ते खोडून ‘रीझनेबल एंडेव्हर्स’, म्हणजे वाजवी तेवढेच प्रयत्न, केलंय. दोन तासांनी कोणीतरी ‘ऑल रीझनेबल एंडेव्हर्स’ सुचवतो आणि फोनवरचे अकराही वकील गप्प होतात, कारण हे त्या दोघांच्या मध्ये नक्की कुठे बसतं यावर इंग्लंडची न्यायालयंही एका सुरात बोललेली नाहीत. सकाळी विकणारा आणि घेणारा एकमेकांना फोन करतात. परवानगी गेल्या आठवड्यातच आलेली असते. तुम्ही नॅरेटिव्हमध्ये लिहा: ‘कलम १४.३ बाबत वाटाघाटी.’ ७.४.

लेखी ओपिनियन देताना आणखी एक पथ्य पाळायचं. मत एक पान, गृहीतकं चार पानं. क्लायंट विचारतो, हा करार समोरच्यावर बंधनकारक आहे का? आपण लिहितो, आहे. मात्र सगळ्या सह्या खऱ्या आहेत, सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे, प्रती मूळ कागदांबरहुकूम आहेत आणि आम्हाला दाखवलं नाही असं काहीच नाही, हे आम्ही गृहीत धरलंय. थोडक्यात, ज्या गोष्टींची धास्ती घेऊन तो आला होता, त्या सगळ्या आपण गृहीत धरून त्याला परत दिल्या. शिवाय हे मत इतर कोणी वापरू नये, हेही खाली लिहायचंच.

दोन प्रतिस्पर्धी क्लायंट एकाच फर्ममध्ये आले तर? त्यासाठी भिंत आहे. इन्फर्मेशन बॅरियर म्हणतात. फोल्डरला कुलूप लागतं आणि एक मेमो फिरतो, की अमुक प्रकरणाबद्दल तमुक मजल्याशी बोलू नये. तो वाचेपर्यंत तमुक मजल्याला असं काही प्रकरण आहे हेच ठाऊक नव्हतं.

संस्कृतीचं म्हणाल, तर आपण सगळे एक कुटुंब आहोत, हे पहिल्याच दिवशी स्लाइडवर दाखवतात. कुटुंबाची भाषा तेवढी शिकून घ्या. पार्टनर शुक्रवारी संध्याकाळी म्हणाला, ‘सवडीने बघ, घाई नाही,’ म्हणजे सोमवारी सकाळी आठला. ‘एकदा नजर टाक’ म्हणजे पुन्हा लिही. ‘छान झालंय’ हे मी अजून ऐकलेलं नाही, त्यामुळे अर्थ सांगता येत नाही. मानसिक आरोग्यावरचा वेबिनार जेवणाच्या सुट्टीत असतो. कॅमेरा बंद ठेवून ड्यू डिलिजन्सचा, म्हणजे व्यवहाराआधी कंपनीचे कागद तपासण्याचा, तक्ता भरता येतो. आणि हो, प्रो बोनो, म्हणजे फुकटची वकिली, अवश्य करा. गरजूंना मदत होते, माहितीपत्रकात फोटो येतो, आणि स्मिथसाहेबांचं अर्धं ऋण फिटतं.

राहता राहिली बढती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या पॉल क्राव्हॅथ यांनी जी घडी बसवली ती अजून विस्कटलेली नाही: उत्तम कॉलेजांतून हुशार पोरं उचलायची, घासूनपुसून तयार करायची, आणि ठरावीक वर्षांनी ती वर जातात किंवा बाहेर. वर जागा किती असतात ते तुम्हीच मोजा. हे गणित इक्विटी पार्टनरांना, म्हणजे फर्मच्या मालकांना, फार आवडतं, कारण नफा वाटायचा तो त्यांच्यातच. बाहेर जाणाऱ्यांना मात्र हसतमुखाने निरोप द्या, केक कापा, ‘अ‍ॅल्युम्नाय’ म्हणा. त्यांच्यातला एखादा बाहेर पडून एखाद्या कंपनीचा जनरल काउन्सेल, म्हणजे मुख्य वकील, होतो आणि फर्मला काम पाठवतो. योजना तशी अचूक आहे.

फक्त एका गोष्टीला जपा. ज्या शेजाऱ्याला तुम्ही ‘यातलं काही कळतंय का’ विचारलं होतं, तोच एक दिवस क्लायंटच्या खुर्चीत बसलेला असेल. तुमचं बिल उघडेल, ‘अंतर्गत विचारविनिमय’ या ओळीवर थांबेल आणि दोनच शब्दांची मेल करेल: ‘म्हणजे काय?’ त्याचं उत्तर लिहायला तुम्हाला बरोबर सहा मिनिटं लागतील. ती नॉन-बिलेबल.