फडक्याचे पंचेचाळीस रुपये

गेल्या शनिवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, म्हणजे "पाचला गाडी तयार असेल, सर" या वचनानंतर दीड तासाने, माझ्या हाती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे जे बिल पडले त्यात अगदी शेवटी, कराच्या ओळीच्या जरा वर, "कन्झ्युमेबल्स : 45" अशी नोंद होती. सकाळी 1,250 रुपयांचा अंदाज सांगून आत ढकललेल्या मोटारसायकलीचे बिल 2,236 रुपयांवर गेले होते आणि तरीही माझे डोके फिरले ते त्या पंचेचाळीस रुपयांवर.

कन्झ्युमेबल्स म्हणजे नेमके काय, असे मी काउंटरवरच्या मुलाला विचारले. त्याने आधी संगणकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि इंजिनातल्या एखाद्या नाजूक भागाचे नाव सांगावे अशा गंभीरपणे म्हणाला, "काका, ते कापड असतंय. गाडी पुसायचं." सकाळी किल्ली घेताना मी "सर" होतो, बिलावर बोट ठेवताच "काका" झालो, याचीही नोंद मी मनात करून ठेवली.

सोलापुरात कापडाचे पैसे! अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी गेली एकोणीस वर्षे हिशेब लिहितो. विणताना धागा सुटलेला, काठ तिरका गेलेला, रंगाचा डाग पडलेला जो माल असतो तो आमच्याकडे किलोवर जातो, त्याची पावती माझ्याच हातची असते आणि तो घेणारे लोक पुढे कोणाला विकतात हेही मला पक्के ठाऊक आहे. म्हणजे माझ्या टेबलावरून किलोच्या भावाने बाहेर पडलेली चिंधी शहराला एक फेरी मारून, नगाच्या भावाने आणि वर 18 टक्के कर लावून, माझ्याच गळ्यात पडत होती. एका फडक्याने दिवसभरात किती गाड्या पुसल्या जातात आणि त्या प्रत्येक गाडीमागे पंचेचाळीस रुपये धरले तर ते फडके किती कमावते, हा हिशेब मी तिथेच उभ्याउभ्या मांडला. मला वर्षाला मिळणाऱ्या पगारवाढीपेक्षा त्या फडक्याची प्रगती अधिक वेगवान दिसली.

एकदा पेन हातात घेतल्यावर बाकीच्या ओळी तरी का सोडायच्या? इंजिन ऑइल 1 लीटर, असे बिलात छापले होते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ऑइल बदलताना 900 मिलिलीटर घालावे असे स्पष्ट लिहिले आहे, आणि हे ऑइल बंद बाटलीतून नव्हे तर कोपऱ्यातल्या पिंपातून मापाने काढले जाते. मग प्रत्येक गाडीमागे उरणारे 100 मिलिलीटर जाते कुठे? मी विचारले तेव्हा "सिस्टममध्ये एक लीटरच येतं" असे उत्तर मिळाले. सिस्टम हा शब्द उच्चारला की माणसाची जबाबदारी संपते, असा या लोकांचा ठाम समज आहे आणि हा शब्द मला जितका डोक्यात जातो तितका दुसरा कुठलाही जात नाही.

मागचे ब्रेक शू बदलले होते. जुने दाखवा म्हटले तर ते स्क्रॅपमध्ये गेले होते. या कार्यशाळेत नवे काहीही वेळेवर येत नाही, जुने मात्र क्षणात दिसेनासे होते. संक्रांतीच्या आधी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आदल्या आठवड्यात, याच ठिकाणी एअर फिल्टर बदलला होता. तो या खेपेस पुन्हा बदलला आणि "धूळ फार आहे ना आपल्याकडं" असे कारण दिले. धूळ आहे हे मान्य, पण ती माझ्या एकट्याच्या फिल्टरवर सूड उगवत असल्यासारखे तीन हजार किलोमीटरला नवा फिल्टर कशाला? वॉशिंगचे 180 रुपये घेतले होते आणि सीटखाली साबणाचा फेस वाळून पांढरा झाला होता. उजनी धरण भरून वाहत असतानाही आमच्या गल्लीत नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, आम्ही अर्ध्या बादलीत गाडी पुसून तेच पाणी कुंडीला घालतो, आणि इथे मात्र पाणी नको होते तिथे मारून जिथे हवे होते तिथला चिखल तसाच ठेवला होता.

22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा मी घरी मोठ्या तोऱ्यात जाहीर केले होते की आता सर्व्हिसिंग स्वस्त होणार. ऑइल आणि मजुरी यांवर आधीपासूनच 18 टक्के होते हे मला, म्हणजे पोटापाण्यासाठी हेच काम करणाऱ्याला, माहीत असूनही मी ते जाहीर केले. भागांवरचे दहा टक्के खरोखर कमी झाले आणि मजुरी बरोबर तेवढीच वर सरकली असावी, कारण बिलाच्या तळाशी येणारी एकूण रक्कम जागची हललेली नाही.

मग जाता कशाला तिथे, असे कोणी म्हणेल. गल्लीतल्या मिस्त्रीकडे वर्षानुवर्षे जात होतो. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, कार्बोरेटर गेला, सेन्सर आले, आणि त्या भल्या माणसाने स्वच्छ सांगितले, "मालक, सेन्सरचं काम आपल्याकडं नाही, मशीन लागतंय." शिवाय वॉरंटीची दोन वर्षे उरली आहेत आणि बाहेर हात लावला की ती जाते अशी धमकी पहिल्या दिवशीच मिळालेली आहे. पहिल्या तीन सर्व्हिसिंगला "फ्री" म्हणतात, त्यातही ऑइलचे पैसे मोजले होते. पण ते जाऊ दे.

तर शनिवारी मी आवाज चढवून म्हणालो, "पैसे मी भरलेत ना? मग ते कापड माझं झालं. आणून द्या." व्यवस्थापक आले, पाण्याचा ग्लास पुढे केला, पंचेचाळीस रुपये कमी करतो म्हणाले. एवढ्यावर गप्प बसायला हवे होते. मी नको म्हणालो, मला कापडच हवे म्हणालो. शेवटी आतल्या एका पोराने ग्रीसने काळे झालेले, ओले, टेरीच्या टॉवेलचे अर्धे फडके दोन बोटांत धरून आणले आणि साऱ्या ग्राहकांसमोर माझ्या हातात दिले. काठाला तिरकी गेलेली निळी पट्टी होती. ते आमच्याच कारखान्याचे असेल असे मी शपथेवर सांगणार नाही, पण तो तिरकेपणा मला ओळखीचा वाटला. डब्याच्या पिशवीत घालून ते घरी आणले. बायकोने पिशवी उघडली, काही विचारले नाही, चिमट्याने ते उचलून बाहेर टाकले आणि पिशवी भिजत घातली. पिशवी धुऊन झाल्यावर एवढेच म्हणाली, "पंचेचाळीस रुपये परत देत होते ना?"

सोमवारी कंपनीकडून फोन आला. दहापैकी किती गुण द्याल, असे एका मुलीने इतक्या आर्जवाने विचारले, आणि नऊ दिले तरी आमच्या टेक्निशियनचा पगार कापतात असे सांगितले, की दोन दिवस घोटून तयार केलेले माझे सारे भाषण घशातच राहिले. मी दहा म्हणालो. धन्यवादही म्हणालो.

गाडी मुळात नेली होती ती चेनच्या बाजूने टकटक आवाज येतो म्हणून. तो अजून येतो. आज सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून माझ्या चाकाकडे पाहिले. टाकीवर पुढच्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर लिहिलेले स्टिकर चिकटवून दिले आहे; त्याचे पैसे कुठल्या ओळीत लावलेत ते बिलात अजून सापडलेले नाही.