सत्तर तासांच्या वादात राहून गेलेला प्रश्न

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हापासून आपल्याकडचा तासांचा वाद काही शमलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तास गाजले. इथे मिनेसोटात ते सगळं वाचताना मला सारखं वाटतं, त्या तासांत एखाद्याला काही वेगळं सुचलं तर ते त्याने सांगायचं कुणाला?

इथून जवळच, मेपलवूडला, थ्रीएम या कंपनीचं मुख्यालय आहे. १५ टक्के वेळ स्वतःच्या मनातल्या कामाला देण्याची मुभा ही तिथली जुनी पद्धत. तिथले रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती १९६८ मध्ये एक दुबळा गोंद लागला, चिकटणारा पण अलगद निघणारा. त्याचं करायचं काय, कुणालाच कळेना. ते मात्र वर्षानुवर्षं कंपनीत तो दाखवत राहिले. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना त्यातून चर्चच्या गीतांच्या पुस्तकासाठी न पडणारी खूण सुचली, आणि १९८० मध्ये पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून अलगद काढता येणारे टिपणाचे कागद, अमेरिकेच्या बाजारात आले. १२ वर्षं! मोकळा वेळ महत्त्वाचाच, पण एवढ्या वर्षांत सिल्व्हर यांचं सांगणं थांबलं नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

परदेशात सगळं आलबेल असतं असंही नाही. २००० नंतर याच कंपनीत संशोधनालाही सिक्स सिग्मा, म्हणजे आकडे मोजून चुका कमी करण्याचं तंत्र, लावलं गेलं, आणि पुढचे प्रमुख जॉर्ज बकली यांना ते तिथे सैल करावं लागलं.

भारतातल्या माझ्या आधीच्या कंपनीत आम्ही ४० जण होतो, तेव्हा चर्चा फळ्यासमोर उभ्याउभ्याच व्हायची. ३०० झालो आणि रिव्ह्यू मीटिंग सुरू झाल्या. एकदा नव्याने लागलेल्या मुलीने हाताने काढलेलं स्क्रीनचं चित्र पुढे ठेवलं. साहेबांनी विचारलं, ‘यातून मिळणार किती?’ तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. पुढे ती फक्त ‘येस सर’ म्हणायची. तिला ७० ऐवजी ४० तास बसवलं असतं तरी तो कागद पुन्हा बाहेर आला नसता. मी शेजारीच होतो आणि बोललो नाही, याचं आजही वाईट वाटतं.

इथे आमची टीम आता वाढते आहे. कल्पना कच्ची असेल तर पहिली १० मिनिटं खर्चाचा विषय काढायचा नाही आणि सगळ्यात सीनियर माणसाने शेवटी बोलायचं, एवढं आम्ही पाळतो. परवा शेवटचा नंबर माझा होता. गप्प राहणं जड गेलं. माझी पाळी येईपर्यंत दोघांनी माझ्या डोक्यातल्यापेक्षा चांगली वाट काढलेली होती.