कात्रज ते सिंहगड 'सोपा' नाही, कृपा करून तसं छापू नका

आज सकाळी सिंहगडाच्या घाटरस्त्यावर कठड्याला टेकून एक पोरगा बसला होता. रात्रभर कात्रजहून चालत आलेला. उजव्या बुटाचा तळ टाचेपासून चवड्यापर्यंत उकललेला, वर रुमाल बांधलेला, तोही फाटलेला. शेजारी अर्ध्या लिटरची रिकामी बाटली. म्हणाला, "ट्रेकच्या जाहिरातीत लिहिलं होतं, सोपा आहे, नवख्यांसाठी."

सोपा? साधारण १५-१६ किलोमीटर, तेरा टेकड्या, आणि प्रत्येक टेकडीवर कमावलेली उंची लगेच उतरून घालवायची. सहा ते आठ तास. सुरुवातीला कात्रजच्या जुन्या बोगद्यावरचं वाघजाईचं देऊळ सोडलं की सिंहगडाचा घाटरस्ता लागेपर्यंत पाणी मिळेल असं धरून चालायचंच नाही. अर्ध्या लिटरवर पोराला या वाटेला लावणाऱ्याला काय म्हणावं? थंडीत तीन लिटर, मार्चनंतर चार. सातव्या टेकडीवर निम्मं उरलं नसेल तर पुढचा अर्धा रस्ता घसा कोरडाच.

माणूस फसतो तो दिव्यांना. उजवीकडे अख्खं पुणं लखलखत असतं, डावीकडे खेड-शिवापूरचा हायवे. घर हाकेच्या अंतरावर वाटतं. दमलेला माणूस दिव्यांच्या रोखाने एखाद्या सोंडेवरून उतरायला लागतो, मग ढोरवाट झुडपात विरते आणि पुढे नुसता तुटलेला उतार. माथ्यावर असताना दोन्हीकडचे दिवे दिसायला हवेत, आणि समोर सिंहगडावरच्या मनोऱ्याचे लाल दिवे. एकाच बाजूचे दिसतायत आणि दहा-पंधरा मिनिटं उतारच चाललाय, तर वाट चुकली. मुकाट्याने परत वर.

आणि 'पौर्णिमेला टॉर्च लागत नाही' हे कोण पसरवतं? आपण चालतो पश्चिमेला, चंद्र उगवतो पाठीमागे. तो चांगला वर येईपर्यंत उतार टेकडीच्याच सावलीत असतात, आणि नेमका घसारा तिथेच. डोक्याला बांधायचा टॉर्च हवा. मोबाइलचा उजेड धरलात की एक हात गेला. मुरमावर मागे रेललात की पाय सटकलेच. आडवं वळायचं, गुडघे सैल, वजन पावलांवर. एका वेळी एकानेच उतरायचं, कारण सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर जातो.

मान्य, कितीतरी जणांना सह्याद्रीची गोडी याच वाटेने लागली. काही गट नीटही नेतात. पण पायात काय आहे हे बोगद्यापाशी बघतात किती जण?

त्या पोराचे बूट वरून कोरे होते. दोन वर्षं माळ्यावर पडून होते म्हणे. तिथेच घोळ झाला. पडून राहिलेल्या बुटांचा गोंद सुकतो, मधला थर ठिसूळ होतो, दिसायला नवे आणि तासा-दोन तासांत तळ हातात. निघायच्या आठवडाभर आधी तेच बूट घालून पर्वती चार वेळा चढा-उतरा, सुटायचा असेल तर तळ तिथेच सुटेल. पिशवीत दोन हात सुतळी ठेवा. रुमाल दगडावर घासून तुटतो, सुतळी दुहेरी गुंडाळली तर तग धरते.

अजून एक. ऑक्टोबरनंतर माथ्यावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. तिथे बिडी-सिगारेट पेटवणाऱ्याला तिथल्या तिथे मागे फिरवा. एका ठिणगीने अख्खी धार काळी पडते, घरटी, सरडे, सगळं जातं. याबाबतीत मला कुणाचं काही ऐकायचं नाही.

घाटरस्ता म्हणजे गड नव्हे, हेही कुणी सांगत नाही. गड अजून वर, गोळेवाडी खाली, आणि पहाटे वाहन मिळेलच असं नाही. गाडी आदल्या संध्याकाळी पायथ्याशी लावा, कात्रजला बसने जा. आणि डोळ्यांवर झोप असताना तीच गाडी हाकू नका, तासभर पडा.

पोराला पाणी दिलं, सुतळी दिली. चिडलेला नव्हता अजिबात. बूट बांधता बांधता विचारत होता, "पुढच्या वेळी उलटं, सिंहगडाकडून निघालं तर चंद्र समोर येईल ना?"

येईल.