इंचभर हौस

आईला बांगड्या भरायला राजवाड्यामागच्या गल्लीत नेलं की तासाभराची निश्चिंती, असा माझा हिशोब होता. म्हणून मी आरामात गाडी लावायला जागा शोधत बसलो. जागा मिळवून दुकानात पोचेपर्यंत आई बांगड्या भरून पायरीवर उभी! कासाराने म्हणे तिचा हात हातात घेतला, बोटांची जुडी करून एकदा दाबली, "दो-छह" म्हणाला आणि फळीवरून डबा काढला. तीन सेकंद. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पुढे एका चाकाच्या मापापायी तीन आठवडे इंदूर पालथं घातलं, तेव्हा त्या माणसाला मनातल्या मनात दंडवत घातला.

गाडी फोक्सवॅगन पोलो, जीटी टीएसआय. २०१८ची, सेकंड हँड. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ घोडे, सात गिअरांचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चाळिशी उलटली की माणूस मॅरेथॉन पळतो किंवा अशी गाडी घेतो, आणि माझ्या गुडघ्यांनी पहिला रस्ता आधीच बंद केला होता. एका रविवारी भाचा राजेंद्रनगरला घरी आला, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "मामा, चाकं लहान वाटतात."

झालं. त्या क्षणापर्यंत मला गाडीला चाकं आहेत एवढंच माहीत होतं.

कंपनीची चाकं सोळा इंची. टायरवर १९५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्क्यांचा, म्हणजे टायरची उभी भिंत रुंदीच्या पंचावन्न टक्के, १०७ मिलिमीटर. आणि शेवटचा आकडा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मेट्रिक, टक्केवारी आणि इंग्रजांचा इंच! हे माप ज्याने ठरवलं त्याच्या घरातही आमच्यासारखंच कुणाचं कुणाशी पटत नसणार. बायकोने दुधाच्या बिलामागे बेरीज करून दिली. सोळा गुणिले २५.४, अधिक दोन्ही बाजूंची भिंत, म्हणजे चाकाची एकूण उंची ६२१ मिलिमीटर. रिम कितीही मोठी घ्या, हा आकडा फारसा हलता कामा नये, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. "म्हणजे बाहेरून चाक तेवढंच राहणार?" तिने विचारलं. हो. "मग मोठं काय होणार?" रिम. "आणि रबर कमी होणार?" हो. "आणि पैसे?" जास्त. ती बिल माझ्या हातात ठेवून स्वयंपाकघरात गेली.

इंदुरात एखादी गोष्ट ठरवायची असेल तर पोह्यांच्या गाडीवर ठरवू नये. मी ठरवायला गेलो. जलेबी येईपर्यंत चार मतं जमली. एक म्हणाला, "भिया, सत्रा डाल दो, आँख मूँद के." भाच्याचा मित्र अठरावर अडून बसला. अठरा इंची म्हणजे २१५/३५, भिंत जेमतेम ७५ मिलिमीटर. हे शहर २०१७पासून ओळीने काही वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, रस्त्यावर कागदाचा कपटा सापडत नाही हे खरं, पण आमच्या कॉलनीतले स्पीडब्रेकर कुणी झाडून नेलेले नाहीत. प्रत्येक घरासमोर एक. ज्याच्याकडे मुंज झाली त्याच्यासमोर दोन. तिथे ७५ मिलिमीटर रबर म्हणजे मणक्याची रवानगी थेट डॉक्टरकडे. चौथे गृहस्थ वकील निघाले. त्यांनी जीरावन मसाला भुरभुरत मला १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ ऐकवलं आणि पोह्यांचे पैसे माझ्या नावावर टाकून निघून गेले.

म्हणून सतरा ठरलं. २०५/४५ आर १७, उंची ६१६, पाच मिलिमीटरचाच फरक. माझी छाती फुगली. पण दुकानात गेल्यावर कळलं की इंच हे लग्नात फक्त मुलाचं नाव कळण्यासारखं आहे, पत्रिका पुढेच असते. पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्या चार बोल्टच्या, पोलोला पाच. त्यामुळे भिंतीवर टांगलेल्यांतल्या ज्या ज्या डिझाइनवर माझं मन जडलं, ते ते सगोत्र निघालं. मग ईटी. हा आइनप्रेसटीफे या जर्मन शब्दाचा संक्षेप. रिमच्या मध्यापासून गाडीला टेकणारा भाग किती मिलिमीटर दूर, ते माप. आकडा कमी झाला की चाक बाहेर डोकावतं. भाचा म्हणाला, "मामा, थोडं बाहेर आलेलंच भारी दिसतं." माझं पोट पाहून हे कुणी म्हणालं नव्हतं.

दुकानदाराकडे २०५/४५ शिल्लक नव्हता. "२०५/५० ले जाओ, एक ही बात है." मी दुधाचं बिल काढलं. उंची ६३७. काट्यावर शंभर दिसेल तेव्हा गाडी एकशे दोनच्या वर असेल, आणि वळताना टायर आतल्या अस्तराला घासला तर ते वेगळंच. मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी दुकानदाराला पुराव्यानिशी नाही म्हणालो, आणि त्या आनंदात पुढचा प्रश्न विचारायचाच राहिला.

शेवटी २०५/४५ मिळाले, चाकं लागली. गाडी देखणी दिसायला लागली, हे बायकोनेही कबूल केलं. किंमत ऐकून आई म्हणाली, "अरे, एवढ्यात सुनेला एक अंगठी झाली असती." जड रिममुळे गाडी सिग्नलवरून पूर्वीसारखी झेपावत नाही असं मला वाटायचं, पण ते मी कुणाला बोललो नाही. पलासियापासून राजवाड्यापर्यंत झेपावून जायचं तरी कुठे?

तीन आठवडे असेच गेले. मग श्रावणात मांडवगडला निघालो, आई पुढच्या सीटवर, मांडीवर साटोऱ्यांचा स्टीलचा डबा. पिथमपूरजवळ रस्ता मोकळा झाला. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात २०२१ साली सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, त्याची माहिती मी सगळ्यांना देत होतो आणि देता देता काटा पंचाऐंशीवर गेला. डबा वाजायला लागला. झाकण टणटणटण. आईने तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "अरे, माझे हात थरथरतायत. तुझ्या आजोबांना असंच सुरू झालं होतं."

स्टिअरिंग माझ्याही हातात थरथरत होतं. वेग सत्तरवर आणला, डबा थांबला. पुन्हा नव्वद, पुन्हा टणटण. तिसऱ्यांदा तपासायला निघालो तेव्हा मागून बायको म्हणाली, "अहो, आईंना कंप नाहीये, तुमच्या चाकांना आहे." शंभर किलोमीटरचा प्रवास आम्ही सत्तरने केला. ट्रकवाले ओव्हरटेक करताना चाकांकडे कौतुकाने पाहत होते.

इंदुरात परतल्यावर दोनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट. शिशाचे तुकडे चिकटवून चिकटवून रिमला देवीचं रूप आलं. शेवटी एका म्हाताऱ्या उस्तादाने चाक उतरवलं आणि मधल्या भोकात बोट फिरवून दाखवलं. बाजारातल्या रिमचं मधलं भोक मोठं ठेवतात, कुठल्याही गाडीला चालावं म्हणून. माझ्या रिमचं ७३.१ मिलिमीटर, पोलोचा हब, म्हणजे त्या भोकात बसणारा गाडीचा गोल भाग, ५७.१. चारी बाजूंनी आठ-आठ मिलिमीटर पोकळी. चाक हबवर बसलेलंच नव्हतं, पाच बोल्टांना लटकून होतं. लटकलेलं चाक केसभर सरकलं की शहरात कळत नाही, ऐंशीच्या पुढे डब्यासकट कळतं. उपाय काय, तर त्या पोकळीत बसणारं प्लास्टिकचं कडं. चार चाकांची चार. मापाची कडी दुकानात नव्हती, मागवावी लागली.

पार्सल मी ऑफिसात असताना आलं. संध्याकाळी घरी पोचलो तर आईने ते उघडलेलं, बोटांची जुडी करून एक कडं चढवायचा प्रयत्न चाललेला.

"काळ्या कशाला आणल्यास? हिरव्या नव्हत्या? आणि ही दोन-चार आहेत. मला दोन-सहा लागतात, एवढंही माहीत नाही तुला?"

"आई, ते गाडीचं..." म्हणता म्हणता मी थबकलो. बांगडीतलं दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश. सव्वादोन इंच. दुधाचं बिल खिशातच होतं. सव्वादोन गुणिले २५.४ केलं. ५७.१५.

बिलावरून मान वर केली, तोवर आईने दोन कडी सुनेच्या हातात सरकवली होती. तिचं माप दोन-चारच. चढली मस्त, पण आता निघत नव्हती. मी साबण आणायला उठलो.